ओल्या केसांची ओडनी

ओडनीला स्वस्थ बसलेलं मी एकदाच पाहिलंय, तेही चर्चच्या हॉलमध्ये, एका परक्या माणसाच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला. ते कसं घडलं तेच सांगणार आहे. पण ती एरवी बसत नाही म्हणजे नेमकं काय करते ते आधी सांगायला हवं, नाहीतर बसली त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल.

ओडनी पोस्टात होती. उत्तर आइसलंडमधलं आमचं हे गाव, खाडीच्या काठावरचं. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लाज वाटेल असं. इथलं पोस्ट बंद झालं, पेट्रोल पंपाशेजारी पार्सलांसाठी एक कुलुपांचं कपाट उभं राहिलं, आणि ओडनी मोकळी झाली. मोकळी झाली म्हणजे सुटलीच. कॉफी ती उभ्याने पिते. टीव्हीवरच्या डॅनिश खुनाच्या मालिका इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून बघते, इस्त्री न करता, आणि खुनी कोण ते कळायच्या आत दुसरी मालिका लावते. बातमी अर्धी वाचते आणि मत पूर्ण देते. तिचा नवरा कधीचाच नॉर्वेला निघून गेला. माणूस तसा वाईट नव्हता, दमला होता, असं मला वाटतं.

मी ब्रिन्यार. टायर बदलतो. बंदराच्या रस्त्याला माझं दुकान आहे. ओडनीला मी तिच्या गाडीवरून फार आधी ओळखत होतो, कारण तिची पुढची दोन्ही चाकं कायम बाहेरच्या अंगाने झिजलेली असतात. वळण आलं की ती वेग कमी करत नाही.

आमच्या गावात फुकट वाटायचं एक साप्ताहिक निघतं. त्यात शेवटच्या पानावर ओडनी लिहिते. सदराचं नाव ‘ओल्या केसांनी’, कारण पोहण्याच्या तलावावरून घरी गेल्या गेल्या, केस पुसायच्या आधी ती ते लिहून टाकते. जगात जे जे चाललंय त्यावर तिला बोलायचं असतं. एकदा तिने लिहिलं होतं, ‘ज्वालामुखी फुटला की परदेशी वार्ताहर हेल्मेट घालून येतात आणि आम्हाला विचारतात, भीती वाटते का? कुणीतरी त्यांना आमच्या वाण्याकडचा टोमॅटोचा भाव दाखवा, मग त्यांनाच कळेल.’ एकदा मोबाइल फोनविषयी: ‘हा मला सांगतो, आज तू कालपेक्षा कमी चाललीस. माझ्या नवऱ्याने असं बोलायची हिंमत कधी केली नव्हती, आणि तरी मी त्याला जाऊ दिलं. याला कशाला ठेवू?’ आणि युरोपभरच्या गाण्याच्या स्पर्धेवर तर ती दर वर्षी लिहितेच. लोक हसतात. मीही हसतो. दुकानात वाट बघणाऱ्यांसाठी ते पान मी भिंतीला लावून ठेवतो.

पण हे सगळं आधी बोललं जातं ते गरम हौदात. तलावाच्या कडेला आमचे हौद आहेत, उघड्यावर, जमिनीतल्या गरम पाण्याचे. सकाळी कामावर जायच्या आधी आम्ही ठरलेली माणसं त्यातल्या मधल्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसतो. मी, ओडनी, निवृत्त शिक्षिका थोरा आणि दोन भाऊ, ज्यांचं कशावरच एकमत होत नाही. वरून बर्फ पडत असला तरी चालतं. हौदात सगळ्या जगाचं बोलायचं, राजघराण्यातले घटस्फोट, फुटबॉलवाल्यांचे केस, सरकार पडेल की नाही. स्वतःचं काही बोलायचं नाही. हे कुणी ठरवलेलं नाही, पण तसंच आहे. इतकी वर्षं शेजारी उघड्या अंगाने बसूनही थोराचं घर कुठल्या रस्त्याला आहे ते मला माहीत नव्हतं, आणि एकदा बँकेत कोट घातलेली थोरा समोर आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. तिनेही मला ओळखलं नाही. चष्मे कपड्यांच्या कपाटात, वरून वाफ. हौदात आम्ही एकमेकांचे खांदे ओळखतो, चेहरे नव्हे.

दोन वर्षांपूर्वी त्या हौदात गेरी आला. पाण्याची जोरदार धार पाठीला लागते त्या कोपऱ्यात बसला आणि तो कोपरा त्याचा झाला. नाव दोनदा मोठ्याने विचारलं तेव्हा ‘गेरी’ म्हणाला. आमच्याकडे असगेर, थोर्गेर, सिगुर्गेर, फ्रिदगेर या सगळ्यांना गेरीच म्हणतात, त्यामुळे ते सांगून त्याने काहीच सांगितलं नव्हतं. उंच होता. डाव्या खांद्यावर जन्मखूण होती, उकडलेल्या बटाट्याएवढी, तपकिरी. बोलायचा फार कमी. एकदा म्हणाला की चार दिवस तेच माशांचं सूप खातोय. त्यावरून तो एकटा राहतो असं आम्ही धरून चाललो.

पण हसायचा! ओडनी काही सांगायला लागली की त्या कोपऱ्यातून हसू यायचं, पोटातून, पाणी हलवणारं. कधीकधी तर विनोद संपायच्या आधीच.

“बघा,” ओडनी म्हणायची, “हुशार माणसाला पुढचं आधीच कळतं. नाहीतर तुम्ही! ब्रिन्यारला तर संध्याकाळी टायर बदलताना कळतं.”

“संध्याकाळी कळतं तेव्हाही हसू येत नाही,” मी म्हणायचो.

पूर्वी ओडनी एका हौदात टिकायची नाही. कडक हौदातून कोमट हौदात, तिथून बर्फाच्या पाण्याच्या पिंपात, किंचाळत बाहेर, परत आमच्यात. गेरी आल्यापासून ती आमच्या हौदात जास्त वेळ राहायला लागली. बसायची नाही, उभीच असायची, कमरेइतक्या पाण्यात, हात हलवत. आणि तो उशिरा आला तर म्हणायची, “आज पाणी गार आहे. तक्रार करायला हवी.” आम्हाला काही पाणी गार लागायचं नाही. पण ओडनीशी वाद घालायला सकाळ पुरत नाही.

गेल्या ऑक्टोबरात तो कोपरा रिकामा राहिला. एक दिवस, दोन दिवस. मग आठवडा गेला.

“गेला असेल कुठेतरी,” मी म्हणालो.

“कुठेतरी म्हणजे कुठे?” ओडनी म्हणाली.

“तेनेरिफेला. अर्धा देश तिथे उन्हात पडलाय.”

“सांगून गेला असता.”

“हौदात कोण सांगतं?” मी म्हणालो.

ओडनी हौदातून बाहेर पडली, कडेने चालत गेली, परत आली, परत गेली. दुसऱ्या दिवशी ती तलावाच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीकडे गेली. हे मी स्वतः ऐकलं, कारण मी मागे रांगेत उभा होतो.

“गेरी नावाचा माणूस सकाळी येतो, तो आजारी आहे का?”

“वडिलांचं नाव काय त्याच्या?” मुलगी म्हणाली.

“माहीत नाही.”

“राहतो कुठे?”

“माहीत नाही.”

“दिसतो कसा?”

इथे ओडनी अडली. “डाव्या खांद्यावर डाग आहे,” ती शेवटी म्हणाली, “एवढा. आणि छाती... म्हणजे, पुढून नीट...”

“अशी माहिती आम्ही देत नाही,” मुलगी घाईने म्हणाली. ओडनी माझ्याकडे वळली तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

तेवढ्यात पहिला बर्फ पडला आणि माझ्या दुकानाची जत्रा झाली. बर्फ पडणार हे गावाला दर वर्षी माहीत असतं आणि दर वर्षी सगळं गाव त्याच दिवशी बर्फावर न घसरणारे खिळ्यांचे टायर चढवायला येतं. त्या गर्दीत ओडनी रोज येऊन जायची. गाडीला टायर मी आधीच चढवले होते. ती नुसती रचलेल्या टायरांमधून फिरायची.

“ब्रिन्यार, तुझ्याकडे गेरी नावाची गिऱ्हाइकं किती?”

“डझनभर असतील.”

“त्यांचे खांदे...”

“ओडनी, इथे लोक कोट घालून येतात.”

“मग काय उपयोग तुझा?” ती म्हणाली आणि निघून गेली. थोड्या वेळाने परत आली. “मी म्हणते, एवढ्या खुनांच्या मालिका बघितलेला देश आपला, आणि एक माणूस सापडत नाही?”

मी तिला कॉफी दिली. तिने दोन घोट घेऊन कप टायरवर ठेवला आणि ती तो तिथेच विसरली. मला तिची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की मी चिडतो. म्हणालो, “अगं, तुला तो माणूस हवाय की तुझ्या विनोदांना हसणारा कुणीतरी?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जॅक उचलून दुसऱ्या गाडीखाली गेलो.

त्या आठवड्याचं सदर वाईट होतं. कुठल्यातरी गायिकेच्या तिसऱ्या लग्नावर सुरू झालं आणि मध्येच, लोक न सांगता गायब होतात ही वाईट सवय आहे, असं काहीतरी म्हणून संपलं. गायिका राहिली बाजूला.

मग एका सकाळी ती हौदाच्या काठावर उभी राहिली, प्लास्टिकच्या पिशवीत फोन धरून. आवाज बारीक झाला होता तिचा. “सापडला,” ती म्हणाली.

फोनवर निधनाची जाहिरात होती. सिगुर्गेर, खाडीपलीकडच्या वस्तीवरचा, सर्वांचा गेरी. हॅट, टाय आणि जाड काड्यांचा चष्मा घातलेल्या माणसाचा फोटो. आम्ही सगळे पाण्यातून पुढे सरकलो आणि डोळे बारीक करून बघायला लागलो.

“असेल बुवा,” मी म्हणालो, “हनुवटी तशीच वाटते.”

“कान त्याचेच आहेत,” थोरा म्हणाली.

त्या दोन भावांचंही आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. आमच्या सगळ्यांच्या मिळून डोळ्यांत एक धड नजर नव्हती, आणि सगळ्यांनी मिळून एक माणूस मारला. खाली आणखी बारीक अक्षरांतल्या ओळी होत्या. त्या कुणी वाचल्या नाहीत. ओडनीने तर नाहीच.

ती केस न पुसता घरी गेली.

आमच्याकडे माणूस गेला की अंत्यविधीच्या दिवशी मोठ्या पेपरात त्याच्यावर लेख छापून येतात. कुणीही पाठवावा, बायकोने, नातवाने, शाळेतल्या सोबत्याने, रस्ता झाडणाऱ्याने. गेलेल्या माणसालाच उद्देशून लिहायचं, प्रिय अमुक म्हणून. सकाळी उठून अर्धा देश आधी ती पानं वाचतो, मग युद्धं, मग हवामान. जिवंतपणी ज्याला कुणी ‘बरा आहेस ना’ म्हटलं नाही त्याच्यावर त्या दिवशी पानभर प्रेम छापून येतं. मला ही पद्धत आवडते आणि तिचा रागही येतो.

शुक्रवारी सकाळी दुकानात मी पेपर उघडला, या वेळी चष्मा लावून. ओडनीचा लेख खाली डाव्या कोपऱ्यात होता. त्यात एकही विनोद नव्हता.

‘प्रिय गेरी, मी तुला दोन वर्षं जगातलं सगळं सांगितलं आणि माझं काहीच सांगितलं नाही. तू माझा एकही विनोद वाया जाऊ दिला नाहीस. लोकांना वाटायचं मी सगळ्यांना हसवते. मी त्या एका कोपऱ्याला हसवत होते. तू उशिरा आलास की पाणी गार आहे म्हणून मी तक्रार करायचे. पाणी गार नसायचं. घरी जाताना गाडीत माझं मन शांत असायचं, आणि मला त्याची सवय नाही, म्हणून मी रेडिओ लावायचे. हे तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, उद्या सकाळी भेटूच.’

माझे डोळे भरून आले. टायरच्या दुकानात ते बरं दिसत नाही म्हणून मी कॉम्प्रेसर सुरू केला. मग डोळे पुसून त्याच पानावरचा वरचा लेख वाचायला घेतला. तो लेख गेरीच्या बायकोचा होता.

तेवढ्यात दारात गाडी कचकन थांबली. ओडनी आत आली तीच पेपर फडकवत. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक पान पूर्ण वाचलं होतं.

“त्याला बायको आहे, ब्रिन्यार! हेर्दिस! तीन मुलं! आणि मला सांगतो चार दिवस तेच सूप खातोय!”

“तिनेच केलं असेल सूप,” मी म्हणालो. बोलून गेल्यावर जीभ चावली.

“आणि मी अख्ख्या देशासमोर तिच्या नवऱ्यावर...” तिचा आवाज फुटला. ती टायरांभोवती गोल फिरली. “आधी वाटलं, घरी दार लावून बसावं. पण ती बाई आज चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार, आणि मागे सगळे माझा लेख वाचून कुजबुजणार. मला तिच्यासमोर जाऊन उभं राहायला हवं. तू चल.”

“बाहेर रांग बघ. आजच्या दिवशी मी दुकान बंद करू?”

“हो.”

मी दुकान बंद केलं. रांगेतल्या लोकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

चर्चमध्ये ओडनी शेवटच्या बाकाशी उभी राहिली. बसायला जागा होती, पण ती उभीच. नंतर शेजारच्या हॉलमध्ये कॉफीला गेलो. कुबड्या घेतलेल्या एका माणसाने कोपराने दार धरून ठेवलं. ओडनी न बघताच “धन्यवाद” म्हणून आत घुसली. टेबलांवर कोळंबी आणि मेयोनेज भरलेला थराथरांचा पावाचा केक, साखर घालून गुंडाळलेली पातळ धिरडी, धुरावलेल्या मटणाचे तुकडे. आम्ही एका लांब टेबलाच्या टोकाला गेलो. लोक आमच्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. तो कुबड्यांवाला आमच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन टेकला. त्याने खुणेने साखर मागितली, मी सरकवली.

हेर्दिस समोर उभी होती, काळ्या पोशाखात, ताठ. लोक जाऊन तिला मिठी मारत होते. ओडनी दोनदा निघाली आणि दोनदा परत आली.

“जा आता,” मी म्हणालो.

“जाते. जीव नुसता टांगणीला लागलाय. आधी ते फोटो बघते.”

भिंतीशी एका टेबलावर गेलेल्या माणसाचे फोटो मांडले होते. शाळेतला, लग्नातला, मासळीच्या कारखान्यातला. ओडनी चष्मा नीट करून एकेक बघत गेली आणि एका फोटोशी थबकली. त्यात तो कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभा होता, उघड्या अंगाने, पँट न दुमडता, पाण्यापासून चांगला लांब.

ओडनीने फोटो उचलून डोळ्यांशी नेला. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “ब्रिन्यार! हा तो नाहीच! हा खांदा त्याचा नाहीच!”

हॉलमधले चमचे थांबले. मी जाऊन बघितलं. डावा खांदा पांढरास्वच्छ होता. केवढा तरी अरुंदही होता. तो खांदा आमच्या हौदात कधीच आलेला नव्हता.

हेर्दिस सरळ आमच्याकडे चालत आली. जवळून बघितलं तर तिचे डोळे कोरडे आणि लाल होते.

“तू ओडनी का?” ती म्हणाली.

“हो,” ओडनी म्हणाली. “बाई, मी तुझ्या नवऱ्याला ओळखतच नव्हते. एकदाही भेटले नाही. माझा गेरी दुसरा. मी वरचा फोटो बघितला आणि खालचं वाचलं नाही. मी कधीच खालचं वाचत नाही. आजचा दिवस मी तुझ्याकडून हिसकावून घेतला. मला माफ कर, किंवा नको करू.”

हेर्दिसने तिच्या हातातून फोटो घेतला. “रोज सकाळी बंदरावर जाऊन येतो म्हणून गाडी काढायचा,” ती हळू म्हणाली. “तीस वर्षं त्याला म्हणत होते, माझ्याबरोबर हौदात चल. म्हणायचा, ओलं झालं की मला शिसारी येते. आणि आज सकाळी पेपरात वाचते तर हा माणूस दोन वर्षं दुसऱ्या बाईबरोबर हौदात बसून हसतोय!” तिचा आवाज चढला. “मला त्याच्यासाठी रडायचं होतं गं. सकाळपासून मी त्याच्यावर नुसती चिडलेली आहे. चर्चमध्ये शवपेटीकडे बघून मनातल्या मनात शिव्या देत होते.”

“फोटो बघून आत्ता ओळखलं, बंदरावरच असायचा तो,” मी म्हणालो. “करडी गाडी, जुनी. माझ्या दुकानासमोर लावून आत बसायचा आणि बोटींकडे बघायचा. मला नाव माहीत नव्हतं.”

हेर्दिस माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ती हसतेय, आणि ती हसतच होती. मग त्यातच रडायला लागली, मोकळं, आवाज करून. ओडनीने तिला धरलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या आणि हॉलमधले चमचे हळूहळू पुन्हा वाजायला लागले.

डोळे पुसून हेर्दिस म्हणाली, “मग तुझा गेरी कुठाय?”

ओडनीच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. हे तिच्या डोक्यात आत्ता शिरलं. तो मेलेला नव्हता. म्हणजे कुठेतरी होता. म्हणजे त्याच्याही घरी पेपर येत असणार.

“इथे आहे,” टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

कुबड्यांवाला माणूस उठायचा प्रयत्न करत होता. तपकिरी स्वेटर, विंचरलेले कोरडे केस, मिशीला साखर. मी त्याला साखर दिली होती आणि ओळखलं नव्हतं. ओडनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढला. डोळे बारीक केले.

“गेरी,” ती म्हणाली.

“थोर्गेर,” तो म्हणाला. “माझ्या नावाची कॉफी आहे म्हटल्यावर न येऊन कसं चालेल?”

“कुठे होतास तू?”

“घरीच. खुब्याचं ऑपरेशन झालं. जखम भरेपर्यंत पाण्यात जायचं नाही म्हणतात.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

“हौदात कोण सांगतं?” तो म्हणाला. मी जमिनीकडे बघितलं.

“लेख...” ओडनी म्हणाली आणि थांबली.

“वाचला. बऱ्याचदा वाचला. त्यात एक चूक आहे.”

“एकच?” मी म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

गेरीने कानाला बोट लावलं. कानामागे बोटाच्या पेराएवढं यंत्र होतं. “तू लिहिलंयस, मी तुझा एकही विनोद वाया जाऊ दिला नाही. पण हे पाण्यात चालत नाही, ओडनी. कपाटात काढून ठेवावं लागतं. हौदात मला तुझं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं.”

“मग हसायचास कशाला?”

“तू बोलता बोलता हसायला लागायचीस,” तो म्हणाला, “म्हणून.”

तेव्हा ओडनी बसली. मागे खुर्ची आहे की नाही हेही तिने पाहिलं नाही, सुदैवाने होती. हात मांडीवर, पाय जुळवलेले, तोंड मिटलेलं. हेर्दिसने तिच्या पुढ्यात कॉफी ठेवली आणि स्वतःही शेजारी टेकली. गेरी कुबड्या टेकत आला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. बराच वेळ ओडनी हलली नाही. मी इतका अस्वस्थ झालो की मीच उठून एक फेरी मारून आलो.

“आता यंत्र लावलंय,” गेरी म्हणाला. “एखादा सांग.”

“इथे?” ओडनी म्हणाली. तिने हेर्दिसकडे पाहिलं.

“सांग गं,” हेर्दिस म्हणाली. “त्याला चाललं असतं. पाणी सोडून त्याला सगळं चालायचं.”

ओडनीने घसा साफ केला. गाण्याच्या स्पर्धेवरचा तिचा गाजलेला विनोद तिने निवडला. “यंदा आपण पाठवलेला तो मुलगा... त्याने अंगाला पडदा गुंडाळला होता,” ती म्हणाली. “तर मला... पडद्याचं वाईट नाही वाटलं. माझ्या घरी तसाच पडदा आहे, आणि तो माझ्या अंगावर जास्त शोभून दिसतो, याचं वाईट वाटलं.”

गेरीने नीट ऐकून घेतलं. कानामागचं यंत्र जरा दाबलं. विचार केला.

“बरा आहे,” तो म्हणाला. “फार खास नाही.”

ओडनी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. त्याबरोबर गेरीही.